कच्च्या दुधाचा कैवार

दूध तापविणे म्हणजे त्यातील सत्त्व जाळून टाकणे होय, पाश्चरीकरण ही मोठ्या दुग्धालयांनी आपल्या सोयीसाठी काढलेली युक्ती आहे, आणि ज्यांना सुदृढ संतती हवी असेल त्यांनी देशी गाईचे दूध कासेतून आले तसेच, अग्नीचा स्पर्श न होऊ देता प्यावे, असे सांगणारा एक पक्ष पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित समाजात गेल्या काही वर्षांत उभा राहिला आहे. शहराबाहेरच्या गोठ्यांतून काचेच्या बाटल्यांत भरलेले कच्चे दूध चढ्या भावाने घरपोच येते. त्यांतील काही विक्रेते ते उकळून घ्या असे प्रामाणिकपणे सांगतात, आणि त्यांच्याशी माझा काही वाद नाही. वाद आहे तो उकळू नका असे सांगणाऱ्यांशी, आणि तसे स्पष्ट न सांगता, कच्चेपणा हाच या दुधाचा गुण आहे असे सुचवून अधिक दाम घेणाऱ्यांशी.

या प्रचारकांचा हेतू मलिन आहे असे मी मानीत नाही. भेसळीच्या बातम्या वाचून ज्यांचा पिशवीतल्या दुधावरचा विश्वास उडाला, आपल्या मुलाच्या पेल्यात काय पडते हे ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे, गाय, गोठा आणि गवळी यांच्याशी तुटलेला संबंध ज्यांना पुन्हा जोडावासा वाटतो, त्यांची तळमळ खरी आहे आणि ती आदराने ऐकून घेतली पाहिजे. परंतु तळमळ खरी असली म्हणून तिच्यापोटी आलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. लॅक्टोमीटर दुधातले पाणी दाखवितो, फॅटचे यंत्र स्निग्धांश सांगते. पण ज्या दुधात पाण्याचा थेंब नाही आणि जे आपल्या समोर काढले गेले, त्या निर्भेळ दुधातही रोगाचा जंतू असू शकतो, आणि तो रंगाने, वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. भेसळीवरचा उपाय म्हणून निर्भेळ दूध शोधणे योग्य आहे. निर्भेळ सापडले म्हणून ते न तापवता तान्ह्या मुलाला पाजणे हा मात्र असा प्रमाद आहे की, त्याचे प्रायश्चित्त करणाऱ्याला नव्हे, त्या मुलाला भोगावे लागते.

आपले पूर्वज कच्चे दूध पीत आणि त्यावर ठणठणीत राहत, हे या पक्षाचे पहिले विधान. वस्तुतः मराठी घरातली रीत याच्या अगदी उलट होती. रतिबाचे दूध आले की ते आधी तापत ठेवायचे, एकदा वर आल्यावर वैलावर सरकवायचे आणि संध्याकाळी पुन्हा तापवायचे, हा आमच्या आज्यांचा नित्यनेम होता. दुधावर जी जाड साय येई ती तापविल्यामुळेच येई. व्यालेल्या जनावराचा चीकसुद्धा आपण कच्चा खात नाही, त्याचा वाफवून खरवस करतो. धारोष्ण दूध पिण्याची रीत नव्हती असे नाही. तालमीतले पैलवान ते आवडीने पीत, आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या पेल्यात तिथल्या तिथे धार काढून देण्याची परंपरा प्रसिद्धच आहे. पण ती जनावराशेजारी उभ्या असलेल्या धडधाकट माणसाची रीत. बाटलीत भरून, पन्नास कोस प्रवास करून, दुसऱ्या दिवशी गर्भवतीच्या हाती पडणाऱ्या दुधाला तिचा हवाला देता येणार नाही. जे शास्त्राचा आधार घेतात त्यांनी सुश्रुतसंहितेतील दुधाचे प्रकरण शेवटपर्यंत वाचावे. धारोष्ण दुधाची प्रशंसा तेथे आहे. परंतु कच्चे दूध सामान्यतः जड आणि अभिष्यंदी, म्हणजे स्रोतसे तुंबविणारे, तापविलेले दूध हलके आणि त्या दोषापासून मुक्त, आणि कच्चे घेण्यास योग्य ते केवळ मातेचे स्तन्य, हा निर्णयही तेथेच, त्याच ओघात दिलेला आहे. अर्धे वचन घेऊन अर्धे सोडून देणे ही शास्त्राची सेवा नव्हे.

राहिला पूर्वज ठणठणीत असण्याचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले वर्षाची होण्याआधीच दगावत. त्या मृत्यूंना एकटे दूध कारण होते असे कोणीही म्हणणार नाही. पण जे जगले त्यांच्याच प्रकृतीचे दाखले देऊन त्या काळाच्या आहाराची थोरवी गाताना, जे जगले नाहीत त्यांचीही गणना केली पाहिजे.

दुसरे विधान पोषणाचे. पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून त्वरित थंड करतात. एवढ्या उष्णतेने दुधातील कॅल्शियमला काही होत नाही, प्रथिनांचे पोषणमूल्य घटत नाही, अ जीवनसत्त्व टिकते. थायमिन, ब-१२ आणि क यांत थोडी घट होते, आणि त्यांतील क जीवनसत्त्व दुधात मुळातच इतके अल्प असते की त्यासाठी कोणी दूध पीत नाही, लिंबू किंवा आवळा खातो. घरी उकळताना ही घट अधिक होते हे मान्य. पण ज्या रायबोफ्लेविनसाठी दूध खरोखर महत्त्वाचे, ते उष्णतेपेक्षा उजेडाने अधिक नासते, आणि म्हणून पारदर्शक काचेच्या बाटलीत, दारात उन्हात ठेवून दिलेल्या त्या मोलाच्या दुधाचे नुकसान पातेल्यातल्या दुधापेक्षा निराळ्या वाटेने होतच असते. कच्च्या दुधातील पाचक द्रव्यामुळे ज्यांना दूध बाधते त्यांनाही ते पचते, असे सांगतात. लॅक्टोज पचविणारे लॅक्टेज हे द्रव्य माणसाच्या आतड्यात तयार होते, गाईच्या कासेत नव्हे. २०१४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दूध न पचणाऱ्या सोळा जणांवर जो छोटासा परंतु नेटका प्रयोग केला, त्यात कच्च्या दुधाने त्यांच्या पचनात काही सुधारणा झाल्याचे दिसले नाही.

कच्च्या दुधातील उपकारक जंतूंची जी महती सांगितली जाते तिला तर आपल्या स्वयंपाकघरातच उत्तर आहे. दूध आधी उकळायचे, कोमट होऊ द्यायचे, आणि मग कालच्या दह्याचे विरजण लावायचे, या क्रमामागे पिढ्यांचा अनुभव आहे. न जाणलेले जंतू अग्नीने घालवून, पारखलेल्यांनाच आमंत्रण देण्याची ती पद्धत आहे. उपकारक जंतू हवे असतील तर ते दह्यात आणि ताकात आहेत. ते कच्च्या दुधात शोधणे म्हणजे कासेवरचे शेण, धार काढणाऱ्याचा हात आणि चरवीची कड यांवरून जे काही दुधात उतरेल ते सारे हितकारकच असेल असे गृहीत धरणे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. विकाराची भीती काल्पनिक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी माल्टा बेटाची हकीकत जाणून घ्यावी. तेथील ब्रिटिश पलटणींत दरसाल शेकडो शिपाई एका दीर्घ, चढउतार होणाऱ्या तापाने अंथरूण धरीत. महिनोन्‌महिने घाम, सांधेदुखी आणि ग्लानी यांनी माणूस निकामी होई. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी वैद्याने त्याचा जंतू शोधला, परंतु तो माणसात शिरतो कोठून याचा पत्ता पुढे अठरा वर्षे लागला नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच वैद्याने बकऱ्यांचे रक्त तपासले, आणि दिसण्यात पूर्ण निरोगी, भरपूर दूध देणाऱ्या बकऱ्यांच्या रक्तात व दुधात तोच जंतू आढळून आला. पुढच्या वर्षी पलटणींना बकरीचे दूध बंद करण्याचा हुकूम निघाला आणि छावणीतला ताप जवळजवळ नाहीसा झाला. नागरी वस्तीत मात्र बकऱ्या दारोदार नेऊन गृहिणीच्या डोळ्यांदेखत धार काढून देण्याची रीत चालू राहिली, आणि तिच्याबरोबर रोगही चालू राहिला. त्याहून ताजे आणि अधिक निर्भेळ दूध कोठे मिळणार होते! ताजेपणा, निर्भेळपणा, ओळखीचा गवळी आणि निरोगी दिसणारे जनावर, कच्च्या दुधाचे कैवारी ज्या चार गोष्टींची हमी देतात त्या चारही माल्टात होत्या.

गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी १८९७ साली शोधला होता. तो आणि माल्टाचा जंतू एकाच कुळातले आहेत, आणि म्हणून गाईचे कच्चे दूधही धोक्याचे आहे, हे अॅलिस इव्हान्स या अमेरिकन संशोधिकेने १९१७ साली मांडले, तेव्हा दूधवाल्यांनी आणि नामांकित शास्त्रज्ञांनीही ते उडवून लावले. ती स्त्री होती आणि तिच्यापाशी डॉक्टरेट नव्हती, हे दोन दोष तिच्या पुराव्यापेक्षा त्या काळी वजनदार ठरले. १९२२ साली प्रयोगशाळेत तिला स्वतःलाच तो रोग जडला आणि अनेक वर्षे पुन्हा पुन्हा उलटत राहिला. आज ज्याला ब्रुसेलोसिस म्हणतात तो हाच, आणि तो भारतातील गाईम्हशींत ठाण मांडून आहे. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, मालक हळहळतो आणि पुढच्या वेताची वाट पाहतो. पुढच्या वेताला ती बहुधा नीट विते, चांगली दिसते, दूध देते, आणि त्या दुधातून जंतू सोडत राहते. ज्या माणसाला तो लागतो त्याचा ताप कधी विषमज्वर, कधी हिवताप, कधी क्षय समजून उपचार चालतात. खरे निदान झालेच तर दोन औषधे सहा आठवडे घ्यावी लागतात. आपण प्यालेल्या दुधाशी या दुखण्याचा काही संबंध असेल अशी शंकाही रोग्याला येत नाही, आणि मग आयुष्यभर कच्चे दूध पिऊन मला कधी काही झाले नाही, असे तो निःशंक मनाने सांगत राहतो.

क्षयाची कथा याहून गंभीर आहे. १९०१ साली लंडनच्या क्षयरोग परिषदेत रॉबर्ट कॉख यांच्यासारख्या महापुरुषाने गाईच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही असे मत दिले, आणि त्याची शहानिशा करण्यासाठी ब्रिटनने नेमलेल्या राजआयोगाने दहा वर्षे काम करून ते मत चुकीचे ठरविले. १९३०च्या सुमारास त्या देशात गाईच्या क्षयाने दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे मरत असल्याचा अंदाज होता, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. यावर त्या देशांनी दोन उपाय योजले, आणि येथेच आमच्या कैवाऱ्यांच्या युक्तिवादातला सर्वांत मोठा दोष उघड होतो. एक उपाय दूध तापविण्याचा. दुसरा कळप शुद्ध करण्याचा. अमेरिकेने १९१७ पासून ट्युबरक्युलिनची चाचणी करून रोगी जनावरे मारण्याची मोहीम काढली, मालकांना नुकसानभरपाई दिली, आणि १९४० पर्यंत सुमारे ३८ लाख जनावरे नष्ट करून रोगाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली आणले. ब्रिटनने १९३५ पासून प्रमाणित कळपांची योजना राबवून १९६० पर्यंत सारा देश तिच्याखाली आणला.

कच्च्या दुधाची जी चळवळ आज आपल्याकडे पत्रकांतून येते तिचा जन्म त्या शुद्ध केलेल्या कळपांच्या देशांत झाला. तिथला माणूस जेव्हा म्हणतो की माझ्या गाईला क्षय नाही, तेव्हा त्याच्या मागे सरकारी चाचण्यांचे शंभर वर्षांचे दप्तर असते. आमच्याकडचा माणूस तेच वाक्य उच्चारतो तेव्हा त्याच्या मागे केवळ त्याची श्रद्धा असते. भारतात चाचणी करून रोगी जनावर काढून टाकण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासाने आपल्या गोवंशातील क्षयाचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के, म्हणजे दोन कोटींहून अधिक जनावरे, असे अनुमानिले आहे. महाराष्ट्रात गाय मारण्यास १९७६ च्या कायद्याने मनाई आहे. तो कायदा बदलावा असे मी सुचवीत नाही, आणि ज्याची सारी दौलत दोन गाईंची आहे त्या शेतकऱ्याला गाय मारून टाक असे सांगण्याचा धीर कोणालाही होणार नाही. परंतु त्याचा परिणाम मान्य केला पाहिजे. रोगी जनावर दावणीला राहते किंवा आठवड्याच्या बाजारात विकले जाऊन दुसऱ्याच्या दावणीला जाते, आणि त्याच्या आणि आपल्या मुलाच्या मधे फक्त चुलीवरचे पातेले उभे असते. ज्या बंदोबस्तावर अन्य देशांनी कोट्यवधी खर्च केले तो आमच्या देशात गृहिणीने, कोणत्याही खात्याच्या मदतीवाचून, रोज दोन वेळा केला आहे. दूध उकळण्याची सवय हा आमचा अलिखित कायदा आहे, आणि लिखित कायद्याची जागा तोच भरून काढीत आला आहे. तो मोडा असे सांगणारा माणूस एखादी जुनी समजूत दूर करीत नसून एकुलता एक पहारेकरी हटवीत आहे.

आमचा गोठा स्वच्छ आहे, सड धुऊन यंत्राने धार काढतो, दूध लगेच चार अंशांवर थंड करतो, असे उत्तर यावर मिळते. ही स्वच्छता स्तुत्य आहे आणि तिच्यामुळे जंतूंची एकूण संख्या घटते यात शंका नाही. पण क्षयाचा आणि ब्रुसेलाचा जंतू बाहेरून पडत नाही, तो जनावराच्या आतून दुधात येतो. सड कितीही धुतले तरी तो धुतला जात नाही. दगडी झालेल्या कासेतले जंतू सुरुवातीला दिसण्यावरून कळत नाहीत. निरोगी गाईच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय ओ-१५७ शेणाच्या सूक्ष्म कणावाटे दुधात उतरतो, आणि लहान मुलांत त्यापासून मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल जाते. थंडीचा भरवसा धरावा तर लिस्टेरिया नावाचा जंतू शीतकपाटातल्या थंडीतही वाढतो. गर्भवतीला त्यापासून साधा ताप यावा आणि गर्भ दगावावा, असा त्याचा स्वभाव आहे. महिन्यातून एकदा प्रयोगशाळेचा दाखला आणून दाखवितात, तो त्या दिवशीच्या त्या नमुन्याचा असतो, आज दारात आलेल्या बाटलीचा नव्हे. नवे रोगही थांबलेले नाहीत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, गोठ्यावरची मांजरे कच्चे दूध पिऊन मेली, आणि पाश्चरीकृत दुधाच्या तपासणीत त्या विषाणूचे निर्जीव अवशेष तेवढे मिळाले.

प्रतिपक्षाची दोन प्रमाणे खरोखर वजनदार आहेत, आणि ती लपविणे मला मंजूर नाही. युरोपात शेतावर वाढणाऱ्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत, विशेषतः २०११ साली प्रसिद्ध झालेल्या गॅब्रिएला अभ्यासात, शेतावरचे कच्चे दूध पिणाऱ्या मुलांना दमा आणि अॅलर्जी कमी होत असल्याचे आढळले. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, आणि दुधातील कोणत्या घटकामुळे हे घडते, तो घटक सुरक्षित रीतीने देता येईल का, याचे संशोधन अवश्य चालले पाहिजे. परंतु ज्यांनी हा अभ्यास केला त्या शास्त्रज्ञांनीच त्यावरून कच्चे दूध पिण्याची शिफारस करता येत नाही असे बजावले आहे. त्यांचा आधार घ्यायचा तर त्यांचा इशाराही घेतला पाहिजे. दुसरे प्रमाण असे की, पाश्चरीकृत दुधानेही साथी आल्या आहेत, आणि १९८५ साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात एका दुग्धालयाच्या दुधातून साल्मोनेलाची जी साथ उद्‌भवली तीत १६ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. हे खरे आहे. तेथे तापविलेले दूध पुढच्या टप्प्यावर दूषित झाले. म्हणजे यंत्रशाळेच्या देखरेखीतली कसूर सिद्ध झाली, उष्णतेची निरुपयोगिता नव्हे. एकेका घटनेने निर्णय करण्यापेक्षा दीर्घ काळाची नोंद पाहावी. अमेरिकेत १९९३ ते २००६ या काळात दूध व चीज यांपासून उद्‌भवलेल्या ज्या १२१ साथींत दूध कच्चे होते की पाश्चरीकृत हे निश्चित कळले, त्यांपैकी ७३ कच्च्या दुधाच्या होत्या. आणि त्या सर्व साथींत रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्या २३९ जणांपैकी २०२ जण कच्च्या दुधाचे बळी होते. ज्या देशात कच्चे दूध पिणारे लोक शेकड्याला तुरळक, त्या देशातले हे आकडे आहेत.

पाश्चरीकरणाची सक्ती मोठ्या भांडवलदाराचे हित साधते आणि लहान उत्पादकाला चिरडते, या आक्षेपाला मात्र इतिहासात आधार आहे, आणि तोच इतिहास त्याचे उत्तरही देतो. मुंबई सरकारने १९४५ साली शहराच्या दूधपुरवठ्याची योजना काढली तेव्हा खेडा जिल्ह्यातील दूध गोळा करून पाश्चरीकृत रूपात मुंबईस पाठविण्याचा मक्ता पोल्सन या दुग्धालयाला मिळाला, आणि शेतकऱ्याच्या हाती कवडीमोल भाव पडू लागला. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले, सरदार पटेल आणि मोरारजी देसाई यांचा पाठिंबा मिळविला, आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९४६ मध्ये आपला सहकारी संघ नोंदविला. हा संघ काय म्हणाला? पाश्चरीकरण हे शोषणाचे हत्यार आहे, सबब मुंबईकरांनी आमचे दूध कच्चेच प्यावे, असे तो म्हणाला नाही. १९४८ साली त्याने स्वतःच दूध पाश्चरीकृत करून मुंबईस पाठविण्यास प्रारंभ केला. मक्तेदारी मोडली ती यंत्र नाकारून नव्हे, यंत्राची मालकी मिळवून. आणि गोकुळ, वारणा, कात्रज यांच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ रांगेत उभा राहणारा मराठी शेतकरी त्याच मार्गाने गेला. दहा-वीस गाईंच्या गोठ्यालासुद्धा ६३ अंशांचे अर्ध्या तासाचे तापमान एका टाकीने, ढवळणीने आणि खात्रीच्या तापमापकाने साधता येते. लहान उत्पादकाचे खरे हितचिंतक त्याला हे साधन स्वस्त कर्जाने मिळवून देण्यासाठी भांडतील.

मग कायद्याने काय करावे? कच्च्या दुधाची विक्री सरसकट बंद करा अशी मागणी मी करणार नाही. आपल्याकडच्या दुधाचा फार मोठा भाग आजही गवळ्याच्या रतिबाने कच्चाच घरी येतो आणि घरी उकळला जातो, आणि अशा विक्रीवर बंदी घातल्यास गरीब गवळी मात्र तपासनिसाच्या हाती सापडेल. स्वतःच्या गोठ्यात स्वतःच्या गाईचे दूध कच्चे पिणाऱ्या प्रौढ माणसाच्या दारातही कायद्याने जाऊ नये. पण व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा तेथे संपतो. विक्रेत्याला दुसऱ्याच्या मुलाची प्रकृती पणाला लावण्याचे स्वातंत्र्य नाही, आणि बापालाही ते स्वतःच्या मुलापुरते आहे असे मला वाटत नाही. इतर देशांनी यात निरनिराळे मार्ग काढले आहेत: स्कॉटलंडने १९८३ पासून गाईच्या कच्च्या दुधाची विक्रीच बंद केली आणि दुधापासूनच्या साथी झपाट्याने ओसरल्या, इंग्लंडने नोंदणीकृत शेतकऱ्याला थेट गिऱ्हाइकास विकण्याची मुभा ठेवली, परंतु धोक्याची सूचना छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कच्चे दूध न उकळता पिण्यास योग्य आहे, किंवा कच्चेपणामुळे ते अमुक रोग बरा करते, असे सांगून विकणे हे त्या कलमाखाली निःसंदिग्धपणे आणावे, आणि बंद बाटलीतल्या प्रत्येक कच्च्या दुधावर ते उकळलेले नाही, उकळूनच घ्यावे, हे ठळक मराठीत छापण्याची सक्ती करावी. ऑगस्ट २०२४ मध्ये दुधावरील ए-१, ए-२ हे दावे काढून टाकण्याबद्दल केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने काढलेला आदेश पाचच दिवसांत मागे घेतला गेला, हे पाहता अशा बाबतीत खात्याला नागरिकांच्या आग्रहाचा आधार लागेल. तो आग्रह आपण धरला पाहिजे.

आणि एक वर्ग असा आहे की ज्याला पातेलेही वाचवीत नाही. अडकलेली वार उघड्या हाताने काढणारा गुराखी, गाभडलेल्या गाईखालचा गोठा झाडणारी बाई, कृत्रिम रेतन करणारा आणि जनावरे तपासणारा पशुवैद्य, यांना ब्रुसेला दुधावाटे नव्हे, हातावरच्या ओरखड्यावाटे आणि श्वासावाटे लागतो. त्यांच्यासाठी उपाय एकच, जनावरातला रोग रोखणे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा लस टोचली की हा रोग पुष्कळ आटोक्यात येतो, आणि २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती लस फुकट टोचली जाते. देशी गाईचा आणि तिच्या दुधाचा ज्यांना मनापासून अभिमान आहे त्यांनी आपल्या गोठ्यातील प्रत्येक कालवडीला ती टोचून घ्यावी, आपल्या गड्यांना हातमोजे द्यावेत आणि त्यांचे रक्त तपासून घ्यावे. कळपाच्या एकत्रित दुधावर ब्रुसेलाची वलय-चाचणी करणे अत्यंत सोपे व स्वस्त आहे: दुधाच्या नमुन्यात रंगविलेल्या मृत जंतूंचा थेंब टाकून ठेवला, आणि वर आलेल्या सायीत निळे वलय धरले, की कळपात संशयित जनावर आहे असे समजते व पुढची रक्ततपासणी करता येते. कच्चे दूध विकणाऱ्या प्रत्येक गोठ्याने दर तिमाहीस ही चाचणी आणि दर वर्षी प्रत्येक जनावराची क्षयाची चाचणी करून, तिचा निकाल आणि तारीख बाटलीवर छापावी. असे करण्यास आज त्यांना कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.